खात्यातून आपोआप जाणारे पैसे: दिलेली परवानगी मागे कशी घ्यायची?



आजचा विषय ऐकून काही जणांना वाटलं असेल, फौजेतला माणूस लढाईच्या गोष्टी सोडून हे बँकेचं काय घेऊन बसला! सांगतो. मी ३१ वर्षं पायदळात होतो. निवृत्तीनंतर महूला स्थायिक झालो. इथे आणि इंदूरच्या बाजूला निवृत्त फौजी पुष्कळ आहेत, त्यात आपले मराठीही बरेच. आठवड्यातून दोन दिवस मी त्यांच्या कागदपत्रांना मदत करतो. पेन्शन, ‘स्पर्श’ पोर्टल, हयातीचा दाखला, बँकेचे अर्ज, असं सगळं. गेल्या काही वर्षांत त्यात एका तक्रारीची भर पडली आहे. ‘साहेब, खात्यातून पैसे जातायत. कोण नेतंय ते कळत नाही.’

पहिला संशय चोरीचा असतो. पासबुक उघडून ओळ न् ओळ बघितली, की बहुतेक वेळा चोरी निघत नाही. कधीतरी, घरातल्याच कुणीतरी, फोनवर एक परवानगी दिलेली असते. पैसे त्या परवानगीने जात असतात.

फौजेत एक शब्द आहे, स्टँडिंग ऑर्डर. एकदा काढलेला आणि रद्द होईपर्यंत लागू राहणारा हुकूम. ज्या अधिकाऱ्याने तो काढला त्याची बदली झाली, तो निवृत्त झाला, तरी हुकूम चालूच. गेटवरचा संत्री रोज सकाळी येऊन विचारत नाही, ‘साहेब, आजही उभा राहू का?’ तो उभा राहतो. बँकेतही हेच आहे, आणि शब्दही जवळजवळ तोच आहे, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन. हल्ली त्याला मँडेट किंवा ऑटोपे म्हणतात. आपण विसरलो म्हणून हुकूम रद्द होत नाही. ॲप उडवलं म्हणून होत नाही. फोन बदलला म्हणून तर अजिबात होत नाही. ज्या ठिकाणी दिला, त्या ठिकाणी जाऊन तो मागे घ्यावा लागतो. आजच्या बोलण्यातली एवढी एक गोष्ट लक्षात राहिली तरी माझं काम झालं.

आता हे हुकूम कुठे कुठे दिलेले असतात ते बघू. मुख्य वाटा तीन.

पहिली वाट कार्डाची. डेबिट किंवा क्रेडिट कार्डाचा नंबर एखाद्या कंपनीला दिला, ओटीपी टाकला, आणि दर महिन्याला पैसे घ्यायला हो म्हटलं. सिनेमा-मालिकांची ॲप, वर्तमानपत्राची वर्गणी, अँटिव्हायरस, फोनमधले फोटो साठवायची जागा, हे सगळं या वाटेने जातं.

दुसरी वाट यूपीआयची. जुलै २०२० मध्ये एनपीसीआयने यूपीआय ऑटोपे सुरू केलं. इथे ओटीपीच्या जागी आपला यूपीआय पिन असतो. पिन एकदाच टाकायचा, पुढचे हप्ते आपोआप.

तिसरी वाट एनएसीएचची. बोलताना लोक नॅच म्हणतात. पूर्वी ईसीएस होतं, त्याची जागा याने घेतली. कर्जाचा हप्ता, विम्याचा हप्ता, म्युच्युअल फंडाची एसआयपी हे सहसा इथून जातं. ही परवानगी कागदावर सही करून देता येते, नेटबँकिंगने, डेबिट कार्डाने किंवा आधारच्या ओटीपीनेही देता येते. प्रत्येक परवानगीला २० अक्षरी-आकडी क्रमांक असतो, त्याला यूएमआरएन म्हणतात. पासबुकात ओळीच्या सुरुवातीला ‘एसीएच’ किंवा ‘एनएसीएच’ दिसलं, की ही वाट समजायची. १ ऑगस्ट २०२१ पासून ही व्यवस्था रविवारी आणि सुटीच्या दिवशीही चालते. ‘आज रविवार आहे, पैसे उद्या भरू’ हा हिशेब आता चालत नाही.

या तीन वाटांवर आणखी एक थर असू शकतो. गुगल प्ले किंवा ॲपलच्या स्टोअरमधून ॲपची वर्गणी घेतली असेल, तर परवानगी त्या ॲपच्या कंपनीला नसून स्टोअरला दिलेली असते. मग ॲपच्या आत कितीही शोधलं तरी रद्द करायचं बटण सापडत नाही. ते स्टोअरच्या सबस्क्रिप्शन विभागात असतं.

आता सरकारने, म्हणजे रिझर्व्ह बँकेने, आपल्याला काय दिलंय ते बघा. कारण पुष्कळांना आपले हक्कच ठाऊक नसतात.

ऑगस्ट २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने कार्डावरच्या अशा आवर्ती व्यवहारांसाठी नियम काढले. जानेवारी २०२० मध्ये ते यूपीआयलाही लागू केले. बँकांना तयारीसाठी मुदतवाढ देत देत १ ऑक्टोबर २०२१ पासून त्यांची पक्की अंमलबजावणी सुरू झाली. तुम्हाला आठवत असेल, त्या महिन्यात अनेकांचे आपोआप जाणारे हप्ते अचानक थांबले होते. कारण जुन्या परवानग्या नव्या नियमांत बसत नव्हत्या.

या नियमांत आपल्या कामाच्या गोष्टी अशा. परवानगी देताना ओटीपी किंवा पिन लागलाच पाहिजे. पैसे जाण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवलं पाहिजे, की अमुक कंपनी, अमुक रक्कम, अमुक तारीख. ती सूचना आल्यावर तो एक हप्ता थांबवायची किंवा अख्खी परवानगीच रद्द करायची सोय असली पाहिजे. पैसे गेल्यावर पुन्हा कळवलं पाहिजे. परवानगी कधीही मागे घेण्याची ऑनलाइन सोय बँकेनेच द्यायची आहे, आणि या सेवेसाठी खातेदाराकडून शुल्क घ्यायचं नाही.

ओटीपीशिवाय किती रक्कम जाऊ शकते, याला मर्यादा आहे. सुरुवातीला ती २,००० रुपये होती, मग ५,००० झाली, जून २०२२ मध्ये १५,००० झाली. त्यावरच्या रकमेला दर वेळी ओटीपी लागतो. डिसेंबर २०२३ मध्ये तीन गोष्टींसाठी मर्यादा १ लाख केली, म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचं बिल. फास्टॅग आपोआप भरला जातो, त्याला ठरलेली तारीख नसते, म्हणून २०२४ मध्ये त्याला २४ तास आधीच्या सूचनेतून सूट दिली आहे. फास्टॅगची सूचना आली नाही म्हणून बँकेशी भांडायला जाऊ नका.

एकूण बघता कायदा आपल्या बाजूचा आहे. संरक्षणाची रेषा आखलेली आहे. पण त्या रेषेवर पहारा कोण देतो? ती २४ तास आधीची सूचना कुणीतरी वाचायला हवी ना! ती ज्या नंबरवर जाते तो फोन चालू असायला हवा.

एक प्रसंग सांगतो. नाव-गाव सांगत नाही. एक सुभेदार साहेब वारले. पेन्शनचं खातं नवराबायकोचं जोडखातं होतं, तेच पुढे कुटुंब पेन्शनसाठी चालू राहिलं. आठ महिन्यांनी वहिनी माझ्याकडे आल्या. विम्याचा वर्षाचा हप्ता परत गेला होता, खात्यात पैसे कमी पडले होते, आणि हप्ता परत गेल्याचा दंड बँकेने वेगळा कापला होता.

मी म्हटलं, ‘वहिनी, पेन्शन तर वेळेवर येतेय. मग कमी कसे पडले?’

त्या म्हणाल्या, ‘साहेब, मी तर जपूनच खर्च करते. मलाही उमगत नाही.’

पासबुक घेऊन बसलो. दर महिन्याला चार ओळी. ९९, १४९, २९९ आणि ३९९ रुपये. बेरीज ९४६. आठ महिन्यांचे झाले ७,५६८. एक राशिभविष्याचं ॲप, एक मालिकांचं, एक नातवाच्या अभ्यासाचं आणि एक फोनमधले फोटो साठवायच्या जागेचं भाडं. दोन परवानग्या सुभेदार साहेबांच्या डेबिट कार्डावर, दोन त्यांच्या यूपीआयवर.

मी विचारलं, ‘पैसे जायच्या आधी मेसेज येत असतील ना?’

वहिनी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, ‘त्यांचा फोन मी बंद करून कपाटात ठेवला. बघवत नव्हता. बँकेत नंबर त्यांचाच आहे.’

म्हणजे बँक नियमाप्रमाणे दर महिन्याला कळवत होती, आणि ते कपाटात पडलेल्या एका बंद फोनला. यात कुणाचा अपराध काढायचा? दुःखात माणूस पासबुक बघत नाही.

नातवाला बोलावून घेतलं. त्याने फोन चार्ज केला. राशीचं आणि मालिकांचं ॲप लगेच रद्द करायचं ठरलं. अभ्यासाचं ॲप नातू वर्षभर वापरत नव्हता, तेही रद्द. चौथ्यापाशी तो म्हणाला, ‘हेही बंद करतो, १४९ रुपये फुकट जातात.’ मी म्हटलं, थांब. आधी बघ त्या जागेत काय आहे. त्यात आजोबांचे सगळे फोटो होते, नातीच्या बारशापासून शेवटच्या दिवाळीपर्यंत. भाडं थांबलं असतं, की ठरावीक मुदतीनंतर ते पुसले जायची भीती होती. त्याने दोन दिवस बसून सगळे फोटो एका हार्ड डिस्कवर उतरवले, दोन प्रती केल्या, आणि मगच ती वर्गणी थांबवली. मृत्यूचा दाखला आणि अर्ज घेऊन वहिनी बँकेत गेल्या. सुभेदार साहेबांचं कार्ड आणि यूपीआय बंद झालं, खात्याला वहिनींचा नंबर लागला. पुढच्या महिन्यात पासबुकात एकही अनोळखी ओळ नव्हती.

यातून मी दोन धडे सगळ्यांना सांगतो. एक, बँकेत नोंदवलेला मोबाइल नंबर हा पहाऱ्यावरचा जवान आहे, तो जागा असला पाहिजे. बंद पडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या ग्राहकाला दिला जातो, हेही लक्षात ठेवा. तुमच्या खात्याचे मेसेज मग तिसराच माणूस वाचेल. दोन, रद्द करायच्या आधी त्या वर्गणीच्या आत काय आहे ते बघा. फोटो, कागदपत्रं, वेबसाइटचं नाव, ईमेल. १४९ रुपये वाचवायला जाऊन परत न मिळणारी वस्तू घालवू नका.

आता प्रत्यक्ष कृती. वही आणि पेन घ्या, मी थांबतो.

पहिलं काम, बारा महिन्यांचं स्टेटमेंट काढा. एक-दोन महिन्यांचं पुरत नाही, कारण वर्षाला एकदाच जाणारे पैसे त्यात दिसत नाहीत, आणि मोठ्या रकमा तिथेच असतात. जितकी खाती आणि जितकी क्रेडिट कार्डं, तितकी स्टेटमेंट. पेन्सिल घेऊन पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींवर खूण करा.

दुसरं काम, वहीत पाच रकाने आखा. कुणाला जातात, किती, कोणत्या तारखेला, कोणत्या वाटेने, आणि घरात ते कोण वापरतं. पाचवा रकाना भरताना घरातल्या सगळ्यांना समोर बसवा. मुलगा बेंगळुरूला असतो, सून पुण्याला, त्यांना फोन लावा. ‘हे तू घेतलं होतंस का?’ असं साधं विचारा. आवाज चढवू नका, नाहीतर पुढच्या वेळी कुणी खरं सांगणार नाही.

तिसरं काम, प्रत्येक ओळीपुढे तीनपैकी एक शब्द लिहा. ठेवा, थांबवा, विचारा. ज्याच्याबद्दल शंका आहे ते ‘विचारा’मध्ये. घाईत काही तोडायचं नाही.

‘ठेवा’बद्दल थोडं बोलतो, कारण उत्साहाच्या भरात लोक नको ते तोडतात. माझ्याकडे एक जवान आला होता, ‘साहेब, दर मे महिन्यात ४३६ आणि २० रुपये कापतात, बंद करा.’ मी म्हटलं, हे बंद केलंस तर मी तुला चहासुद्धा पाजणार नाही! ४३६ रुपये म्हणजे प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा, २० रुपये म्हणजे सुरक्षा विमा, अपघाताचा. दोन्हींत २ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि वर्ष १ जून ते ३१ मे असं धरतात. म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात पैसे जातात. त्या आठवड्यात खात्यात शिल्लक नसेल, तर संरक्षण खंडित होऊ शकतं. सगळ्या आपोआप जाणाऱ्या रकमा शत्रू नसतात. काही तुमच्या घरावर पहारा देत असतात.

कर्जाच्या हप्त्याचं तर वेगळंच आहे. बँकेकडे जाऊन हप्त्याची परवानगी रद्द केली, म्हणून कर्ज फिटत नाही. पैसे देणं राहतंच, वर दंड आणि खराब सिबिल. खात्यात पैसे नाहीत म्हणून असा इलेक्ट्रॉनिक हप्ता परत गेला, तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स ॲक्ट २००७ च्या कलम २५ खाली तो गुन्हा होऊ शकतो, चेक न वटण्यासारखाच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कर्जाची अडचण असेल, तर कर्ज देणाऱ्याशी बोला. हप्त्याची वाट गुपचूप तोडू नका.

आता ‘थांबवा’. इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी कंपनीकडे वर्गणी रद्द करा, मग बँकेकडे परवानगी रद्द करा. दोन्ही का? कंपनीकडे रद्द केलं की सेवा आणि देणं संपतं. बँकेकडे रद्द केलं की पैसे जायची वाट बंद होते. फक्त बँकेकडे थांबवलं, तर कंपनी म्हणू शकते की तुमची वर्गणी चालू आहे, बाकी द्या. फक्त कंपनीकडे थांबवलं, तर तिच्याकडून चूक झाली तरी पैसे जाऊ शकतात. दरवाजा बंद करायचा आणि कडीही लावायची.

कंपनीचं ॲप उघडा, खातं किंवा प्रोफाइल, त्यात मेंबरशिप किंवा सबस्क्रिप्शन. स्टोअरमधून घेतलं असेल, तर गुगल प्लेमध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवून पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स, आणि आयफोनवर सेटिंग्जमध्ये आपल्या नावावर जाऊन सबस्क्रिप्शन्स. रद्द केल्याचा मेसेज किंवा ईमेल आला, की त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.

मग बँकेची बाजू. यूपीआय असेल, तर ज्या ॲपमध्ये परवानगी दिली ते उघडा. ऑटोपे किंवा मँडेट नावाचा विभाग असतो. तिथे चालू परवानग्यांची यादी दिसते. पॉज म्हणजे तात्पुरतं थांबवा, रिव्होक किंवा कॅन्सल म्हणजे कायमचं रद्द. हे दोन शब्द नीट ओळखा. पॉज केलेला हुकूम पुन्हा जागा होतो. म्हणूनच यूपीआयचं ॲप बदलायचं असेल, तर जुनं काढून टाकण्याआधी त्यातली ऑटोपेची यादी बघून घ्या.

कार्ड असेल, तर बँकेच्या ॲपमध्ये किंवा नेटबँकिंगमध्ये कार्डाच्या विभागात ई-मँडेट किंवा स्टँडिंग इन्स्ट्रक्शन शोधा. पुष्कळ बँकांनी हे काम एसआय हब नावाच्या वेगळ्या पानावर ठेवलेलं आहे. तिथे बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच जा. २०२० पासून आणखी एक सोय आहे. कार्डाचे ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार तुम्ही स्वतः चालू-बंद करू शकता, मर्यादा ठरवू शकता. परदेशात काही घेत नसाल, तर ते बटण बंदच ठेवा.

एनएसीएच असेल, तर काही बँकांच्या नेटबँकिंगमध्ये यादी मिळते. नाहीतर शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या, यूएमआरएन क्रमांक लिहा, आणि अर्जाच्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. आपण मराठी माणसं महाराष्ट्राबाहेर बँकेत हिंदी, तेलुगू, कन्नडात बोलताना थोडं बिचकतो. बिचकू नका. कागद पुढे करा आणि पोच मागा. पोच ही सगळ्या भाषांत एकच असते.

हे सगळं पैसे जायच्या तारखेच्या चार-पाच दिवस आधी करा. त्याच दिवशी केलं, तर कधीकधी तो हप्ता निघालेला असतो. आणि पुढच्या तारखेला पासबुक बघा. फौजेत हुकूम दिला म्हणजे काम झालं असं आम्ही मानत नाही. जाऊन बघतो.

आता नवी परवानगी देताना काय बघायचं? ‘पहिला महिना फुकट’ किंवा ‘फक्त १ रुपयात सात दिवस’ असं लिहिलेलं असतं. पिन टाकायच्या आधी पडद्यावर तीन गोष्टी वाचा. कमाल रक्कम किती, किती दिवसांनी, आणि कोणत्या तारखेपर्यंत. १ रुपया मोठ्या अक्षरात असतो, पुढच्या हप्त्याची रक्कम बारीक अक्षरात. फुकट महिना घ्यायचाच असेल, तर संपण्याच्या दोन दिवस आधीचा गजर त्याच वेळी फोनमध्ये लावा.

काही कंपन्या मुद्दाम रद्द करणं अवघड ठेवतात. येताना एक दरवाजा, जाताना सात. सरकारने याचीही दखल घेतली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने डार्क पॅटर्न रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत १३ प्रकार दिले आहेत, आणि त्यातला एक थेट आपल्या विषयाचा, सबस्क्रिप्शन ट्रॅप. वर्गणी रद्द करणं अशक्य किंवा किचकट करणं, रद्द करायचं बटण लपवणं, फुकट सेवेसाठी आधीच पैसे कापायची परवानगी घ्यायला भाग पाडणं, हे त्यात येतं. असा अनुभव आला, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तिथे तक्रार नोंदवा.

बँक दाद देत नसेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. सीएमएस पोर्टलवर तक्रार करायची, फी नाही, वकील लागत नाही. आणि घरातल्या कुणीच परवानगी दिलेली नाही अशी खात्री झाली, तर तो अनधिकृत व्यवहार. तो त्याच दिवशी बँकेला कळवा. २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसऱ्याच कुणाची असेल आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर नुकसानाचा भार तुमच्यावर येत नाही. उशीर झाला की भार वाढत जातो.

आता सगळ्यात धोक्याची जागा. वर्गणी रद्द कशी करायची हे लोक इंटरनेटवर शोधतात, आणि तिथे दिसेल त्या कस्टमर केअरच्या नंबरवर फोन लावतात. पुष्कळदा तो नंबर भामट्याचा असतो. तो गोड बोलतो, ‘काका, मी रद्द करून देतो, फक्त हे ॲप घ्या आणि पडदा मला दाखवा.’ किंवा ‘रिफंड पाठवतो, पिन टाका.’ पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही. रद्द करताना बँक किंवा यूपीआय ॲप ओटीपी किंवा पिन मागू शकतं, पण तो आपण आपल्याच हाताने बँकेच्या पानावर टाकायचा असतो. फोनवरच्या माणसाला कधी सांगायचा नसतो. फसवणूक झालीच, तर एक क्षणही न घालवता १९३० ला फोन करा.

निवृत्तांना मी आणखी एक सांगतो. पेन्शनचं खातं स्वच्छ ठेवा. दुसरं एक बचत खातं उघडा, किमान शिल्लक कमी असलेलं बघून. सगळ्या वर्गण्या, यूपीआय, ऑनलाइन खरेदी तिथून. दर महिन्याला ठरलेली रक्कम तिकडे टाका. काही गळती झाली तर त्या छोट्या भांड्यातून होईल, पाण्याची मोठी टाकी सुरक्षित राहील.

शेवटचं, आणि हे थोडं जड आहे. फौजेत बदली झाली की कुणी असंच निघून जात नाही. हँडिंग-टेकिंग होतं. एकेक वस्तू मोजून, यादीवर दोघांच्या सह्या होतात. घरात आपण हे करत नाही. घरातला एक माणूस सगळे पैशांचे व्यवहार बघतो आणि दुसऱ्याला काहीच माहीत नसतं. मग एक दिवस तो माणूस जातो, किंवा अंथरुणाला खिळतो, किंवा विसरू लागतो. मागे राहिलेल्याच्या हातात एक बंद फोन आणि न कळणाऱ्या ओळींचं पासबुक राहतं.

म्हणून ती पाच रकान्यांची वही आपल्या जोडीदाराला दाखवा. कोणते हप्ते चालू राहिलेच पाहिजेत त्यांवर लाल खूण करा. वही कुठे ठेवली आहे ते मुलांना सांगा. पिन किंवा पासवर्ड त्यात लिहू नका, फक्त यादी लिहा. खात्याला कोणाचा नंबर जोडलेला आहे तेही लिहा. दर वर्षी नोव्हेंबरमध्ये आपण हयातीचा दाखला देतो. त्याच दिवशी ही वही उघडा, नव्याने तपासा आणि खाली तारीख घाला.

घरातल्या गृहिणींना माझी वेगळी विनंती आहे. ‘ते बघतात सगळं’ असं म्हणून उठू नका. आज रात्री जेवणं झाली की त्यांना म्हणा, ‘अहो, ती ऑटोपेची यादी दाखवा बरं मला.’ यादी उघडायला दोन मिनिटं लागतात. त्यात एखादी ओळ अशी निघेल, की दोघांनाही आठवणार नाही ती कसली. तिथून सुरुवात करा.

 जय हिंद.